दोन भाऊ, एक घर, एक कुलूप

वहिनी,

चित्रपट आपल्यावर नाही.

ही बातमी आधी तुम्हाला द्यायची असं ठरवलं होतं, म्हणून पहिल्याच ओळीत दिली. काल सकाळच्या पहिल्या खेळाला मुक्ताचा चित्रपट दाखवला. तुमची मुलगी, माझी पुतणी, तिचा पहिला चित्रपट. सभागृह भरलं होतं, मधल्या पायऱ्यांवरही लोक बसले होते. दादा आले होते. अविनाशही आला होता. बाकीचं क्रमाने सांगते. आधी एवढंच, की कुणाची अब्रू गेली नाही, कुणी मध्येच उठून गेलं नाही, आणि मी आज सकाळी कित्येक आठवड्यांनी शांत झोपून उठले.

गेलेल्या माणसावर लिहिताना जन्मगाव, नोकरी, मागे राहिलेले नातेवाईक असं सगळं द्यायची पद्धत आहे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना असे पुष्कळ मजकूर मी दुरुस्त केले. तुमच्याबाबतीत ते काम तुमच्या शाळेतल्या बाईंनी शोकसभेत केलं आणि नीट केलं. मला लिहायचं आहे ते रांगेबद्दल. कारण तुमची-माझी गाठ फक्त तिथेच पडायची.

सासरे गेल्यावर नारायण पेठेतला त्यांचा फ्लॅट दोघा भावांच्या नावावर झाला. दादांना तो विकायचा होता, अविनाशला ठेवायचा होता. एका रविवारी दोघांनी एकमेकांना जे बोलू नये ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी दादांनी दाराला स्वतःचं कुलूप लावलं. ते कळल्यावर अविनाशने जाऊन त्याच्या शेजारी आपलं लावलं. तेव्हापासून दार उघडायचं तर दोघांनी एकत्र जायला हवं, एकत्र जायचं तर बोलायला हवं, म्हणून दार बंद. तुम्ही विश्रांतवाडीला, आम्ही बिबवेवाडीला. शहर आता इतकं पसरलंय की न भेटण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

त्याच हिवाळ्यात मी स्वतंत्र चित्रपटांच्या त्या छोट्या महोत्सवाच्या रांगेत उभी होते. बरंच पुढे तुम्ही दिसलात. खांद्याला कापडी पिशवी, हातात कार्यक्रमाची पुस्तिका. मी मान फिरवायच्या आत तुम्ही हाक मारलीत.

"शैला, मागे काय उभी राहिलीस? ये की इकडे."

माझ्यापुढे मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ होते. पुढे त्यांचं नाव पाटणकर असल्याचं कळलं, आणि या महोत्सवाची रांग ही आपली खासगी मालमत्ता आहे असं ते मानतात हेही. ते वळून म्हणाले, "बाई, मध्ये घुसायचं नाही. रांग म्हणजे रांग."

तुम्ही क्षणभर त्यांच्याकडे पाहिलंत आणि आपली जागा सोडून मागे, माझ्याजवळ आलात. "मी मागे आले. आता चालेल ना?"

"आता उत्तम," पाटणकर म्हणाले.

त्या दिवशी आपल्याला अगदी पुढच्या ओळीत, पडद्याला नाक लावून बसावं लागलं. तुम्ही मानेला बाम चोळत होतात, पण कुरबुर केली नाहीत. घरच्या भांडणाचा शब्द तेव्हाही काढला नाहीत आणि नंतरच्या कुठल्याच वर्षी नाही.

नंतर तो रिवाजच झाला. वर्षभर फोन नाही, सणावाराला येणं-जाणं नाही. थंडी पडली की महोत्सवाची पुस्तिका यायची आणि मी तुमच्याआधी रांगेत पोचायची घाई करायचे. मी घरी "फेस्टिव्हलला चाललेय" एवढंच सांगायचे. तुम्हीही दादांना तेवढंच सांगायचात. दोघींनी खोटं सांगितलं नाही आणि खरंही पुरतं सांगितलं नाही. संक्रांत जवळ असल्यामुळे तुमच्या पिशवीत गुळाच्या पोळ्या असायच्या. त्यातल्या काही वेगळ्या बांधून तुम्ही म्हणायचात, "या भावजींना. कुणी केल्या ते सांगायची गरज नाही." मी सांगत नसे. अविनाश पोळी मोडायचा, कडेपर्यंत गूळ पोचलाय का बघायचा, खायचा. सासूबाईंच्या हातची ती पोळी घरात फक्त तुम्हालाच जमते हे त्याला माहीत होतं. त्याने एकदाही विचारलं नाही, की बाजारात अशी पोळी कुठे मिळाली.

रांगेतली तुमची पद्धत माझ्या लक्षात राहिली आहे. पुस्तिकेत चित्रपटाची माहिती दोन ओळींत असते, फार तर एक फोटो. त्या दोन ओळी वाचून तुम्ही अख्खा चित्रपट सांगायचात. कोण कुणाला सोडून जाणार, शेवटी पाऊस पडणार की नुसताच धूर दिसणार, सगळं. पाटणकर त्यात दुरुस्त्या करायचे. "तीन तासांचा आहे म्हणजे कुणी कुणाला सोडत नाही. नुसते बसून राहतात. डबा आणलाय ना?" मागे उभी असलेली कॉलेजची पोरं हसायची आणि आपापला चित्रपट जोडून द्यायची. दार उघडेपर्यंत एकाच नावाचे पाच-सहा चित्रपट तयार झालेले असायचे. मग आत जाऊन आपण सातवा पाहायचो आणि तो बहुधा या सगळ्यांहून फिका निघायचा.

यावरून आपला वाद होता. माझं म्हणणं, आधीपासून इतकं रचून ठेवलं की समोरचं दिसत नाही. चित्रपटाला कोऱ्या मनाने जावं. तुम्ही म्हणायचात, "पाहून झाल्यावर एकच सिनेमा उरतो गं. पाहायच्या आधी ज्याचा त्याचा वेगळा असतो. ती मजा तुला कळायची नाही, तू पेपरातली." मी म्हणायचे की पेपरात काम केल्यामुळेच मला कळतं, न पाहता लिहिलेलं कसं असतं ते. तुम्ही हसून पुस्तिकेत खुणा करायला लागायचात. एक खूण म्हणजे पाहू. दोन खुणा म्हणजे, तुमच्या शब्दांत, "मेले तरी बघणार." हा वाद कधी मिटला नाही. मिटवायची घाई कुणालाच नव्हती, कारण पुढचं वर्ष होतंच.

यंदा पुस्तिका आली तेव्हा तुम्ही रुग्णालयात होतात.

पुस्तिकेत मुक्ताचं नाव होतं आणि चित्रपटाची माहिती एका ओळीत दिली होती: दोन भाऊ, एक घर, एक कुलूप.

ठाण्याच्या आत्यांनी त्या पानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याचं चिन्ह. ते अभिनंदनाचं होतं की सांत्वनाचं, हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा चित्रपट ठरून गेला होता. अविनाशने ती ओळ माझ्यासमोर मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "कुलूप म्हणजे आपलंच. आता बघायचं, तिने कुणाचं कुलूप वाईट दाखवलंय." दादा तुम्हाला म्हणाले, "पोरीनं घरातली लक्तरं वेशीवर टांगली." हे तुम्हीच मला सांगितलंत. मुक्ता मुंबईत चित्रपटाच्या आवाजाच्या शेवटच्या कामात अडकली होती. ती फोनवर एकच वाक्य बोलायची, "आधी बघा, मग बोलू." आणि तुम्ही? जो विचारेल त्याला तुमचं उत्तर ठरलेलं होतं: "मला काय विचारता? येऊन पाहा."

दादा जेवायला घरी गेले की मी तुमच्याजवळ येऊन बसायचे. शेवटची भेट मला नीट आठवते. मी छापील पुस्तिका आणली होती. तुम्ही नर्सकडून पेन मागून घेतलंत आणि उशीला टेकून खुणा करत होतात.

"पहिल्या खेळाला दोघांना घेऊन यायचं," तुम्ही म्हणालात.

"नको वहिनी. दादा एका टोकाला, अविनाश दुसऱ्या टोकाला, आणि पडद्यावर त्यांचंच भांडण. तिथेच जुंपेल."

"सिनेमा चालू असताना बोलता येत नाही. पाटणकर बोलू देत नाहीत. तीच तर सोय आहे."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर बोलायलाच लागतं. सिनेमाबद्दल तरी."

"वहिनी, त्यात नेमकं आहे तरी काय?"

तुम्ही पेनचं टोपण लावलंत. "तू तर कोऱ्या मनाने जाणारी ना? मग?"

मी चिडले होते. मी म्हटलं, हा बेत मला मान्य नाही, मी अविनाशला आणणार नाही. तुम्ही म्हणालात, "बरं," आणि मला पाणी द्यायला सांगितलंत. वाद तिथेच राहिला. त्याच आठवड्यात एका सकाळी तुम्ही गेलात, फार यातना न होता, चहा यायच्या आधी. दादा शेजारी होते. हे लिहिताना मला हायसं वाटतं आणि ते लपवायचं कारण दिसत नाही. तुमच्या आजारात पुढे जे व्हायचं होतं ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. ते तुमच्या वाट्याला आलं नाही.

अंत्यविधीला अविनाश आला. दादांसमोर हात जोडले, दादांनीही जोडले. शब्द नाही. परतताना मी हिशेब करत होते, की आता या दोन घरांमध्ये कोण उरलं? तुमच्या पोळ्या नाहीत, रांगेतली हाक नाही. एक चित्रपट तेवढा होता, आणि तो उरलंसुरलं तोडेल अशीच सगळ्यांची खात्री होती. मी अविनाशला "चल" म्हटलं नाही. काल सकाळी तो आपणहून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. म्हणाला, "लोकांकडून ऐकण्यापेक्षा स्वतः बघितलेलं बरं."

स्वारगेटला बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा रांग फाटकाबाहेर आली होती. दादा खूप पुढे होते. तुमची कापडी पिशवी त्यांच्या खांद्याला होती. त्यांच्यामागे पाटणकर, तोच मफलर. आम्ही शेवटी उभे राहिलो. दादांनी वळून पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं, परत वळले. मग रांग सोडली आणि चालत मागे आले. अविनाशकडे न बघता मला म्हणाले, "शैला, मला इथलं काही कळत नाही. पास दाखवायचा कुठे, बसायचं कुठे. ती असायची."

"माझ्याबरोबर राहा," मी म्हटलं.

पुढून पाटणकरांचा आवाज आला. "तुमच्या घरात सगळ्यांना मागेच जायची सवय आहे का हो?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "बाई गेल्याचं कळलं मला. वाईट झालं. रांगेला शिस्त होती त्यांच्यामुळे."

आत मी मध्ये बसले. एका हाताला दादा, दुसऱ्या हाताला अविनाश. दिवे गेले तेव्हा दोघांनीही हाताची घडी घातली.

चित्रपट असा आहे. शहराने नुकतंच पोटात घेतलेलं एक गाव. आईवडील लग्नाला गेलेत. घरी दोन भाऊ, मोठा दहा-अकराचा, धाकटा त्याहून लहान. ते दाराला कुलूप लावून खेळायला जातात, किल्ली हरवते आणि शेळी घरात राहते. दिवसभर ते किल्ली शोधत हिंडतात. नव्या इमारतींचे पहारेकरी, भंगारवाला, किल्ल्या बनवणारा, मंगल कार्यालय. शेळी आतून ओरडत असते आणि एकेक वस्तू खात असते, ते आपल्याला फक्त आवाजावरून कळतं. संध्याकाळी धाकटा दमून कुलपाला लोंबकळतो तर ते हातात येतं. ते दाबलेलंच नसतं, नुसतं कडीत अडकवलेलं असतं. मोठा म्हणतो, "तू लावलं व्हतं न्हवं?" धाकटा म्हणतो, "म्या म्हटलं तू लावलंया." संपलं.

नारायण पेठ नाही. वाटणी नाही. दादा नाहीत, अविनाश नाही, सासरे नाहीत. मी पहिली पंधरावीस मिनिटं आमच्या घराची वाट पाहण्यात घालवली. ते येत नाही हे लक्षात आल्यावर खांदे खाली आले आणि पाठ दुखत होती हे कळलं. शेळीने पंचांग खाल्लं तिथे आधी दादा हसले. मग दुसऱ्या बाजूने अविनाश. दोघांचं हसणं सासऱ्यांच्या वळणाचं आहे, आधी नाकातून, मग खांद्यांतून. मी मध्ये बसून दोन्हीकडून ते ऐकत होते.

नंतर मुक्ता मंचावर आली. तुमची निळी साडी नेसली होती. पाटणकरांनी पहिला हात वर केला. "कुलूप हे समाजातल्या कोणत्या गोष्टीचं प्रतीक आहे?"

मुक्ता म्हणाली, "ते कुलूप आहे काका."

टाळ्या पडल्या. पाटणकर खाली बसताना म्हणाले, "प्रामाणिक आहे पोरगी."

बाहेर चहाच्या टपरीपाशी आम्ही चौघं उभे राहिलो. दादा बराच वेळ कपात फुंकर घालत होते.

"म्हणजे आपल्यावर नाहीच?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"छान झालं. सुटलो." दोन घोट घेतले. "पण थोडंसं तरी? तो मोठा भाऊ?"

"काहीच नाही, बाबा. ती वाघोलीकडच्या दोन पोरांची गोष्ट आहे. मला त्यांनीच सांगितली."

"मी महिनाभर झोपलो नाही," दादा म्हणाले. आवाजात सुटका होती आणि तितकाच अपमानही होता. आपलं भांडण कुणाला चित्रपटाच्या लायकीचं वाटलं नाही, हे पचायला त्यांना जड जात होतं.

तेव्हा अविनाश बोलला. कपाकडे बघत, पण दादांना. "दादा, आपल्यावर काढला असता तर दहा मिनिटांत संपला असता. दोन कुलपं दाखवायची आणि शेवटची नावं सोडायची."

दादा त्याच्याकडे बघत राहिले. मी कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं. पण दादा म्हणाले, "आपल्यात शेळीपण नाही."

त्यानंतर दोघं जे हसले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दादांनी चष्मा काढून पुसला.

मी मुक्ताला बाजूला घेऊन म्हटलं, ती ओळ कुणी लिहिली गं? पुस्तिकेतली? अशा ओळीने माणसं मेली असती.

ती म्हणाली, "आईने. महोत्सववाल्यांना मराठीत माहिती हवी होती, मी कामात होते. आईने पटकथा वाचलेली होतीच. म्हणाली, दे इकडे, मी लिहिते. आणि मला सांगितलं, कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही. मी नाही बोलले."

वहिनी, मी ती ओळ पुन्हा वाचली. दोन भाऊ. आहेत. एक घर. आहे. एक कुलूप. तेही आहे, एकच. खोटा शब्द एकही नाही. माझ्या टेबलावर आली असती तर मी न बदलता छपाईला सोडली असती. सगळ्या खानदानाने त्या ओळीतून आपापला चित्रपट काढला आणि जो तो आपला चित्रपट पाहायला आला. ज्यांना तुम्ही "या" म्हणून आणू शकला नसतात, त्यांना भीतीने आणलंत. आणि रुग्णालयात मी तुमच्याशी तावातावाने वाद घालत होते, तेव्हा तुम्ही पेनचं टोपण लावत होतात. मला रागवायचं होतं. रागवायला तुम्ही नाही आहात, आणि राग आलाही नाही.

आम्ही परत आलो तेव्हा दादा अविनाशला विचारत होते, "तुझी किल्ली कुठे असते?"

"जुडग्यातच."

"माझीही."

दोघांनी खिशात हात घातले. मग दादा मला म्हणाले, "आम्ही जरा पेठेत जाऊन येतो. बघू काय अवस्था आहे. तुम्ही येताय?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी तुमची पुस्तिका उघडली, रुग्णालयातली, तुमच्या पेनाची. पुढच्या खेळाच्या चित्रपटापुढे दोन खुणा होत्या.

"आम्ही नाही येत," मी म्हटलं. "रांग लागायला लागलीय."

ते रिक्षात बसले. दादांनी तुमची पिशवी मुक्ताजवळ दिली. त्यात पाण्याची बाटली होती आणि फडक्यात बांधलेल्या गुळाच्या पोळ्या. दादांनी स्वतः केल्या होत्या. गूळ मध्येच राहिला होता, कडा कोरड्या होत्या. आम्ही त्या रांगेत उभ्याने खाल्ल्या. पाटणकरांनाही एक दिली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "बाईंच्या हातची नाही." मग त्यांनी पुढच्या चित्रपटाच्या दोन ओळी वाचून दाखवल्या: एक बाई, एक रेल्वे स्थानक, न येणारी गाडी. त्यांच्या मते गाडी येणार होती आणि बाई चढणार नव्हती. मुक्ताच्या मते स्थानकच बंद पडलेलं असणार. मागच्या पोरांच्या मते बाईच गाडी चालवणारी होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी या रांगेत आजवर कधी अंदाज सांगितला नव्हता. काल सांगितला. म्हटलं, तिला कुठे जायचंच नाहीये, कुणीतरी उतरणार आहे.

दार उघडता उघडता अविनाशचा फोन आला. "दादाचं उघडलं. माझं गंजलंय. तेल लागेल थोडं."

"नारायण पेठेत तेल मिळत नाही का?"

मागून दादांचा आवाज आला, "तिला सांग, आधी लावलं त्याचं आधी उघडतं," आणि मग दोघांचं ते हसणं. मी फोन बंद केला. आत दिवे जात होते आणि पाटणकर मागे वळून बघत होते.

चित्रपट सुमार निघाला, वहिनी. गाडी आली नाही, कुणी उतरलं नाही, बाई दीड तास बाकावर बसून होती. पण रांगेतला आमचा फार चांगला होता. वादात मी हरले, असं समजा.